पागोळ्या

पाऊस आत्ताच थांबलाय.

कौलांवरून पाणी अजून ठिबकतंय. एक थेंब. मग थोडी शांतता. मग दुसरा.

तिकडे कान द्या. श्वास येतोय, जातोय. त्याला तसाच येऊ-जाऊ द्या.

शेजारी तुमचं माणूस आहे. मघाशी दोघांमध्ये अंतर असं उरलंच नव्हतं. अंगात अजून ऊब आहे. तक्रार काहीच नाही.

आणि तरी डोळे भरून आलेत.

भरू द्या.

कारण नंतर. आधी जागा शोधा. कुठे जाणवतंय? गळ्यात? छातीच्या मधोमध? की रडू नाहीच, नुसती पोकळी आहे? उगाच आलेली चीड? उठून दूर जावंसं वाटणं?

जे असेल त्यावर हलकेच हात ठेवा.

पागोळी ऐका.

सर ओसरली तरी छप्पर लगेच कोरडं होत नाही. देहही तसाच. मघाशी छाती धडधडत होती, अंग ताणलेलं होतं. आता सगळं एकदम सैल झालंय. रक्तात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढलंय. तास उलटला तरी ते चढलेलंच राहतं. या उतरणीवर मन उघडं पडतं. एवढ्या जवळिकीतून पुन्हा आपल्या एकट्या कातडीत परतायचं असतं. कुणाची लहानपणीची जखमही अशाच वेळी वर येते.

श्वास आत. श्वास बाहेर.

ऑस्ट्रेलियात रॉबर्ट श्वाइट्झर आणि सहकाऱ्यांनी २३० विद्यार्थिनींना शरीरसंबंधानंतरच्या अशा उदासीबद्दल विचारलं. २०१५ साली ते छापून आलं. ४६ टक्के जणींना हे कधी ना कधी झालेलं होतं. पुढे हजारावर पुरुषांना विचारलं, तर त्यांतलेही ४१ टक्के हो म्हणाले. पुरुषांनी हे कुणाजवळ बोललेलं मी फारसं ऐकलेलं नाही.

आणि त्या विद्यार्थिनींच्या उत्तरांत, नात्यातल्या जवळिकीचा या उदासीशी संबंध दिसला नाही.

हे वाक्य थोडा वेळ जवळ ठेवा. या पाण्यावरून प्रेम मोजता येत नाही.

(मात्र मनाविरुद्ध काही घडलं असेल, दुखलं असेल, तर ते रडू वेगळं. ते गिळू नका. विश्वासाच्या माणसाला सांगा, डॉक्टरांना सांगा.)

पुन्हा पागोळीकडे या.

अंधारात आवाज येतो, "काय झालं? माझं काही चुकलं का?"

"काही नाही," हे ओठांवर येतंच. ते क्षणभर थांबवा. एक श्वास घ्या. मग जे खरं आहे तेवढंच सांगा. "माहीत नाही. रडू येतंय. तू इथेच राहा."

आणि विचारणारे तुम्ही असाल, तर उत्तर मागू नका. हात तिथेच असू द्या. पाठीवर. उघडा, जड, ऊबदार.

दोघंही ऐका.

एक थेंब.

आता मधली शांतता जरा लांबलीय.

अजून एक.