ॲसिडची बाटली आधी खाली ठेव

ॲसिडची बाटली आधी खाली ठेव. झाकण घट्ट लाव, बाथरूमची खिडकी उघड आणि मग मी काय सांगते ते नीट ऐक. "बाई, शॉवरच्या काचेवरचे पांढरे डाग जात नाहीत, याहून कडक ॲसिड कोणतं मिळेल?" असं तू फोनवर विचारलंस. तेवढंच विचारलं असतंस तर चार शब्दांत उपाय सांगून मी फोन ठेवला असता. पण पुढे तू म्हणालास, की घरकामाला येणाऱ्या मावशी नीट घासत नाहीत, सारख्या खोकतात, हाताची कातडी गेली म्हणून कुरकुरतात. हे तू मला तक्रार म्हणून सांगितलंस. त्या क्षणापासून काचेचा विषय दुसरा झाला आणि तुझा पहिला.

तू दहावीला माझ्या वर्गात होतास. पुढे रसायनशास्त्राची पदवी घेतलीस आणि आज सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेत चुनखडकाची परीक्षा करून पोट भरतोस. दिवसभर ज्या दगडात कॅल्शियम किती ते मोजतोस, तोच दगड संध्याकाळी स्वतःच्या बाथरूममध्ये तुला ओळखू येत नाही? त्याला "कंपनीची काच खराब", "मावशींचा आळस" अशी नावं देतोस? पोट्ट्या, पदवी काय भिंतीवर टांगायला घेतलीस?

तुझं घर गडचांदूरला आहे. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, घुग्गुस इथे सिमेंटचे कारखाने उभे राहिले ते हौसेखातर नाही. कोरपना, राजुरा, जिवती या पट्ट्यात जमिनीखाली चुनखडक पसरलेला आहे. भूशास्त्रज्ञांनी तर त्याला 'चांदा चुनखडक' असं आपल्या चंद्रपूर जिल्ह्याचंच जुनं नाव दिलं आहे. गडचिरोलीत अहेरी तालुक्यात देवलमरी-काटेपल्लीकडेही हाच खडक सापडतो. पावसाचं पाणी या जमिनीत मुरताना मुळांनी आणि कुजणाऱ्या पाल्याने मातीत सोडलेला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि किंचित आम्ल होतं. जंगलाच्या मातीत हा वायू बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त असतो. ते पाणी चुनखडकातून झिरपलं की दगड विरघळून कॅल्शियम बायकार्बोनेट होतं. बोअरच्या पाण्यातून तू तो विरघळलेला दगड घरात आणतोस. काचेवर थेंब वाळतो, पाणी उडून जातं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट मागे राहतं. शेजारच्या बस्तरात कुटुमसरच्या गुहेत छतावरून लोंबणारी दगडी झुंबरं याच अभिक्रियेने तयार झाली. हे सगळं मी फळ्यावर लिहिलं होतं, उलटसुलट दोन्ही बाण काढून. परीक्षेत तू बरोबर लिहिलंही असशील.

आता हिशेब कर. समज, तुझ्या पाण्याची कठीणता लिटरला 300 मिलिग्रॅम आहे. भारतीय मानक 10500 प्रमाणे पिण्याच्या पाण्यात 200 पर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालतं, म्हणजे 300 हा काही भयंकर आकडा नाही. एका अंघोळीनंतर काचेवर साधारण 50 मिलिलिटर पाणी चिकटून राहिलं आणि तिथेच वाळलं असं धर. एका अंघोळीला 15 मिलिग्रॅम. घरात दिवसाला चार अंघोळी म्हणजे 60 मिलिग्रॅम, आणि वर्षाला जवळजवळ 22 ग्रॅम. एवढा दगड तू वर्षभर काचेवर चढू दिलास आणि तो एका सकाळी दुसऱ्याच्या हाताने उतरावा अशी तुझी अपेक्षा आहे. त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे गेला की थेंब खाली ओघळायच्या आत जागेवरच वाळतो. पुण्या-मुंबईचं मऊ पाणी वापरणाऱ्यांसाठी छापलेल्या सूचना इथे पुरत नाहीत, हे एव्हाना तुला कळायला हवं होतं.

त्यावर साबणाचा थर वेगळा. कठीण पाण्यात साबणाला फेस येत नाही, कारण त्यातलं स्टिअरेट कॅल्शियमला धरून न विरघळणारा चिकट साका होतो. तो चुन्यावर बसतो आणि आम्लाला आतपर्यंत पोचूच देत नाही. तुझं ॲसिड "काम करत नाही" त्याचं एक कारण हे आहे. आधी भांड्याच्या लिक्विडने हा चिकटपणा काढायचा असतो. तू ते केलं नाहीस. थेट हायड्रोक्लोरिक ॲसिड ओतलंस.

हायड्रोक्लोरिक ॲसिडने चुना विरघळतो, हे मला शिकवू नकोस. प्रश्न चुना विरघळतो की नाही हा नाहीच, त्याच्याबरोबर आणखी काय काय जळतं हा आहे. बंद बाथरूममध्ये त्याची वाफ नाकातून घशात आणि फुप्फुसात जाते. मावशी खोकतात त्या यामुळे. उघड्या हातांवर ते कातडी खातं. दाराच्या बिजागऱ्या, नळ, शॉवरचा दांडा यांवरचा क्रोमचा मुलामा उडतो, स्टीललाही खड्डे पडतात. खाली शहाबादी असेल तर ती फरशी स्वतःच चुनखडक आहे, तिचाही पृष्ठभाग गेला. टाइलच्या सांध्यांतलं सिमेंट गेलं. काच मात्र जशीच्या तशी राहते. त्या बाथरूममध्ये या ॲसिडला दाद न देणारी ती जवळजवळ एकटीच वस्तू, आणि तिच्यासाठी तू बाकी सगळं पणाला लावलंस, एका बाईच्या फुप्फुसासकट.

आणि ॲसिडनंतर "जंतू मरावेत म्हणून" ब्लीच टाकायला सांगतोस, हे ऐकून तर मी हादरले. ब्लीचमध्ये हायपोक्लोराइट असतं. ते आम्लाला भेटलं की क्लोरीन वायू सुटतो. 1915 च्या एप्रिलमध्ये बेल्जियममध्ये ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला तो हाच वायू. लहानशा बाथरूममध्ये तो थोडासुद्धा पुरतो. यापुढे ही दोन द्रव्यं एका बादलीत, एका फरशीवर, एका दिवशी आणायची नाहीत. संडास साफ करायच्या बाटलीतही बहुतेक वेळा हेच ॲसिड असतं, तेव्हा नाव वेगळं दिसलं म्हणून फसू नकोस. आणि ही सुटी बाटली तू घेतलीस कुठून? 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या सुट्या विक्रीवर निर्बंध घातले. विक्रेत्याने नोंदवही ठेवायची, ओळखपत्र पाहायचं, कारण लिहून घ्यायचं, 18 वर्षांखालच्या कोणाला द्यायचंच नाही. तुझ्या दुकानदाराने यातलं काय केलं? काहीच नसेल केलं तर त्याच्याकडून पुन्हा घेऊ नकोस.

तुझ्या बायकोने मोबाइलवर पाहून खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून लावलं, खूप फेस आला आणि डाग तसेच राहिले, असंही तू म्हणालास. राहणारच. आम्ल आणि अल्कली एकमेकांनाच संपवतात. फेस हा कार्बन डायऑक्साइडचा, उरलं ते सोडियम ॲसिटेटचं खारट पाणी. ती कधी रसायनशास्त्र शिकली नव्हती, तिला मी बोलणार नाही. तू शेजारी उभा राहून पाहत होतास. राखेचंही तेच. गावाकडे राखेने भांडी लखलखतात, कारण राख अल्कधर्मी असते आणि ओशटपणा काढते. चुन्यावर ती काहीही करत नाही. तारेची घासणी आणि वाळू तर काचेच्या आसपास आणू नकोस. वाळूतला क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण असतो. त्याचे ओरखडे कायमचे राहतात आणि पुढचा क्षार त्या ओरखड्यांत आणखी घट्ट धरतो.

आता करायचं काय ते ऐक, आणि हे पहिल्यांदा तू स्वतः कर. किराणा दुकानातून लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड आण. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे विरघळव. नसेल तर साधं पांढरं व्हिनेगर चालेल, त्यात चार-पाच टक्के ॲसिटिक आम्ल असतं. हातात रबरी मोजे घाल. काच लिक्विडने धुऊन घे. मग सुती फडकं किंवा टिश्यू पेपर त्या पाण्यात भिजवून काचेवर चिकटव, म्हणजे आम्ल ओघळून न जाता डागावर टिकेल. पंधरा-वीस मिनिटं थांब. घाई करायची नाही, सौम्य आम्लाला वेळ लागतो आणि तो द्यायचा असतो. बारीक बुडबुडे दिसले की समज, दगड सुटतो आहे. मऊ स्पंजने पूस, भरपूर पाण्याने धू, कोरडं कर. थर जाड असेल तर पुन्हा. नळावर आणि शहाबादीवर हे पाणी साचू देऊ नकोस, तिथे तेही नुकसान करतं. पिवळट-तांबूस डाग असतील तर ते लोहाचे, हातपंपाच्या ओट्यावर दिसतात तसे. त्यांनाही सायट्रिक ॲसिड धरतं, फक्त जास्त वेळ लागतो.

एवढं करूनही काच वाळल्यावर धुरकट दिसली आणि ओली केल्यावर स्वच्छ दिसली, तर थांब. तो डाग नाही. अल्कधर्मी पाणी महिनोन् महिने वाळत राहिलं की काचेतलं सोडियम बाहेर निघतं आणि पृष्ठभागच खराब होतो. त्याला जगातलं कुठलंही आम्ल उतारा नाही. कारागिराकडून सिरियम ऑक्साइडने पॉलिश करून घे, नाहीतर तशीच वापर. त्यासाठी मावशींना पुन्हा घासायला लावलंस तर माझ्याशी गाठ आहे.

रोज अंघोळ झाली की रबरी वायपर काचेवरून वरून खाली फिरवायचा. अर्धं मिनिट लागतं. कोणी फिरवायचा? ज्याने अंघोळ केली त्याने. तुझ्या मुलांनीसुद्धा. पाणी मऊ करायचं यंत्र बसवायचं तर बसव, त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं आणि मिठाच्या पाण्याने ते पुन्हा ताजं करावं लागतं. पण अर्धं मिनिट वाचवायला एवढा खर्च करणाऱ्याला मी शहाणा म्हणणार नाही.

शेवटचं, आणि माझ्या लेखी सगळ्यांत महत्त्वाचं. काचेवर डाग दिसला म्हणून तू बेचैन झालास. तेच बोअरचं पाणी तुझी मुलं पितात, मावशींच्या घरी हातपंपाचं पितात. ते कधी तपासलंस? पाण्यातलं कॅल्शियम दिसतं, पण त्याने कोणाची हाडं वाकत नाहीत. फ्लोराइड दिसत नाही, चवीला लागत नाही, काचेवर डाग पाडत नाही, आणि दात व हाडं कायमची खराब करतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कित्येक गावांच्या भूजलात ते आहे. उलट फ्लोराइड जास्त असलेल्या पाण्यात कॅल्शियम पुष्कळदा कमी असतं, तेव्हा ज्याच्या काचेवर डाग नाही त्यानेही निर्धास्त राहू नये. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण वाढतं.

सोमवारी रजा टाक. मावशींना दवाखान्यात ने, खर्च तू कर, आणि त्या बऱ्या होईपर्यंतचा पगार कापू नकोस. त्याच दिवशी दोन स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटल्या घे, काचेच्या नकोत, फ्लोराइडच्या नमुन्याला काच चालत नाही. एकीत तुझ्या बोअरचं पाणी भर, दुसरीत मावशींच्या वस्तीतल्या हातपंपाचं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत दोन्ही दे. अहवालात फ्लोराइड लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर निघालं तर ते पाणी पिणं त्याच दिवशी बंद, तुझ्या घरीही आणि त्यांच्याही. दोन्ही अहवाल मला दाखवायला घेऊन ये.