आजीच्या खंबीरपणाची दंतकथा

बाईचे मन खचते तेव्हा तक्रार बहुधा शरीराची असते. छातीत धडधडते, हातापायांना मुंग्या येतात, कंबर धरते, झोप उडते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रांगेत तासभर उभी राहिलेली अशी बाई दोन मिनिटांत कॅल्शियमच्या आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेऊन बाहेर पडते. खासगी दवाखान्यात गेली तर ‘ताकदीचे’ सलाइन लावून घेते. अंगावर पांढरे जाण्याची तक्रारही याच यादीतली. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तक्रारीचा माग काढला, तेव्हा तिचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक आणि कौटुंबिक ताणाशी अधिक घट्ट असल्याचे दिसले. गोळ्यांनी गुण येत नाही, आणि मग घरात निकाल लागतो: हिला काही झालेले नाही, नखरे आहेत.

या निकालाला अलीकडे सुसंस्कृत पेहराव मिळाला आहे. व्याख्यानमालांतून आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक सिद्धान्त फिरतो: आजीला डिप्रेशन नव्हते. सात-आठ मुले, दारिद्र्य, सासुरवास, तरी ती पहाटे जात्यावर बसून ओवी गायची आणि मन मोकळे करायची. नातीला सगळे मिळाले आणि तिला समुपदेशक लागतो. सिद्धान्त मांडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी जात्याचा खुंटा कधी हातात धरलेला नसतो, हे सोडून द्यावे. पुरावा मात्र तपासायला हवा.

तो उपलब्ध आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी मुळशी-मावळपासून सुरुवात करून महाराष्ट्रभरच्या गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत विठ्ठल आहे, भाऊ आहे, लेकरांचे कौतुक आहे. आणि तितक्याच ठसठशीतपणे सासूचा जाच, नवऱ्याचा मार, सवत आणि लेकीच्या जन्माची धास्तीही आहे. एवढे दुःख नोंदवणारा संग्रह दुःख नव्हते याचा पुरावा म्हणून पुढे करणे ही विलक्षण कसरत आहे. शिवाय ज्या तगल्या त्यांच्याच ओव्या उरल्या. जिने विहीर जवळ केली, जिला माहेरी आणून टाकले, त्यांच्या ओव्या जमवायला कोणी गेले नाही. जिच्या अंगात यायचे तिची तऱ्हा आणखी निराळी. देवीच्या नावाने तिला सासूला खडसावता येई, चार दिवस चुलीपासून सुटका मिळे. ती सवलत होती, आणि तिची गरज पडावी एवढे घर असह्य होते.

घराच्या या असह्यपणाकडे अलीकडचे आकडेही बोट दाखवतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१च्या अहवालानुसार देशात ४५,०२६ स्त्रियांनी आत्महत्या केल्या. त्यांतील २३,१७८ गृहिणी होत्या. अशा मृत्यूसाठी मागे उरलेल्यांना सुसह्य वाटेल असे ‘पोटदुखी’ किंवा ‘घरगुती कारण’ प्रत्येक गावात तयार असते.

या वादात सर्वांत उपयोगी पुस्तक मात्र लंडनहून आले आहे. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी कॅम्बरवेल भागातील ४५८ स्त्रियांच्या प्रदीर्घ मुलाखती घेऊन १९७८मध्ये ‘सोशल ओरिजिन्स ऑफ डिप्रेशन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. गेल्या वर्षभरात काय काय घडले ते त्यांनी तपशिलात विचारले, आणि त्या परिस्थितीतल्या बाईला त्या घटनेचा काय अर्थ असेल, हे स्वतंत्रपणे ठरवले. नैराश्यात गेलेल्या बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत आधी काही गंभीर आघात झालेला होता किंवा दीर्घ अडचण चालू होती. पण तसाच आघात सोसूनही अनेकजणी उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्यात आणि खचलेल्यांत फरक कशाचा?

ब्राउन-हॅरिस यांना चार गोष्टी सापडल्या: मनातले सांगता येईल असा नवरा किंवा जोडीदार नसणे, अकराव्या वर्षापूर्वी आई गेलेली असणे, घरात चौदा वर्षांखालील तीन किंवा अधिक मुले असणे आणि घराबाहेर नोकरी नसणे. यांत स्वभावाचा, संस्कारांचा किंवा सहनशक्तीचा उल्लेख नाही. त्याहून बोचरा निष्कर्ष पुढे आहे. आठवड्याला भेटणारी आई, बहीण किंवा मैत्रीण नवऱ्याशी तुटलेल्या संवादाची भरपाई करू शकत नव्हती.

ही मोजपट्टी आजीला लावावी. मुले तीनपेक्षा जास्त, हातात स्वतःचा पैसा नाही, आई बाळंतपणात गेली असण्याचीही शक्यता. नवरा मुंबईच्या गिरणीत आणि बायको कोकणात, अशी हजारो घरे मनीऑर्डरवर चालली. नवरा घरात असला तरी दिवसाउजेडी त्याच्याशी बोलणे हा निर्लज्जपणा ठरे. एकत्र कुटुंबात माणसे वीस असत, मनातले सांगावे असे एकही नसे. ती चारही कलमांत सापडू शकते. नात त्यांतल्या एक-दोन कलमांतून सुटली, पण पुरती सुटलेली नाही: २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात आणि पुरुषाची ९७, असे दिसले.

यातून एक सोयीचा निष्कर्ष निघतो, आणि पुरोगामी वर्तुळात तो आवडतो: दुखणे समाजव्यवस्थेचे आहे, म्हणून समुपदेशन ही मलमपट्टी. गोव्यातल्याच एका प्रयोगापुढे तो टिकत नाही. ‘संगाथ’ संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर एक चाचणी घेतली. रुग्णांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. त्यांत गूढ काही नव्हते. दिवस कसा जातो ते विचारायचे, बंद पडलेली एखादी गोष्ट पुन्हा सुरू करायला लावायची (शेजारणीकडे जाणे, चर्चला किंवा देवळात जाणे, अर्धवट शिवण पुरे करणे), अडचणीचे तुकडे पाडून एकेक हाताळायचा. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. २०१७मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या या निष्कर्षांत आणखी एक नोंद आहे: समुपदेशन मिळालेल्या स्त्रियांना नवऱ्याकडून होणारी मारहाणही कमी झाली. व्यवस्था बदलण्याची वाट न पाहता बाईला बळ देता येते, आणि त्याचा परिणाम घरावरही होतो.

तेव्हा ओवीवाल्यांचे एवढे मान्य करावे लागते की बोलल्याने फरक पडतो. मात्र ऐकणारे माणूस हवे, त्याला ऐकण्याचे शिक्षण हवे आणि त्या कामाचा पगारही हवा. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा हक्क ठरवला. ऑक्टोबर २०२२पासून ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही विनामूल्य फोनसेवा सुरू आहे. फोन स्वतःचा नसलेल्या आणि घरात एकांत न मिळणाऱ्या बाईला मात्र हा क्रमांक पुरणारा नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एक पगारी समुपदेशक आणि दार लावता येईल अशी एक खोली, एवढी मागणी ग्रामसभांनी आणि महिला मंडळांनी लावून धरावी. आजीचे गुणगान करण्यापेक्षा ही मागणी अधिक उपयोगी पडेल.