वाजश्रवसाच्या गायी

कठोपनिषदाची सुरुवात एका दानाने होते, आणि त्या दानातले वैगुण्य एका मुलाच्या ध्यानात येते. वाजश्रवसाने सर्वस्व देऊन टाकण्याचा यज्ञ मांडला आहे. दक्षिणेच्या गायी नेल्या जात असताना त्याचा मुलगा नचिकेत त्यांच्याकडे बघतो. त्या पाणी प्यायच्या तेवढे पिऊन चुकलेल्या, चरायचे तेवढे चरून झालेल्या, दूध आटलेल्या आणि वेत सरलेल्या आहेत. अशा गायी देणारा आनंदहीन लोकांत जाईल, असे त्याच्या मनात येते. त्याच क्षणी त्याच्यात श्रद्धा शिरली, असे उपनिषद सांगते. पुढचा यमाशी झालेला संवाद इतका थोर आहे की त्याला निमित्त झालेला दानाचा हा प्रश्न मागेच पडतो. आज तो पुन्हा पुढे घ्यायला हवा, कारण कचेऱ्या, बँका आणि सुखवस्तू घरे आपले जुने संगणक शाळांना, वसतिगृहांना आणि गरजू विद्यार्थ्यांना देऊ लागली आहेत. हे देणे दान केव्हा ठरते? माझ्या मते, देणाऱ्याच्या दारातून यंत्र बाहेर पडले एवढ्याने दान होत नाही. मुलाच्या हाती ते नीट चालू लागते तेव्हाच ते दान होते, आणि या दोहोंच्या मधली दुरुस्तीची मेहनत हाच त्या दानाचा गाभा आहे.

गरज किती खरी आहे, हे आधी पाहू. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, संगणक असलेली कुटुंबे ग्रामीण भारतात ४.४ टक्के आणि शहरी भारतात २३.४ टक्के आढळली. दोनच वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, शाळा बंद झाल्या आणि घरातले यंत्र हाच वर्ग झाला. फोन आहे की हातात, मग संगणक कशाला, असे तेव्हाही विचारले गेले. २०२१ च्या ‘असर’ पाहणीत दोन-तृतीयांशांहून अधिक मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, पण त्या घरांतल्याही साधारण चौथ्या हिश्श्याच्या मुलांना तो अभ्यासाला मिळत नव्हता. घरातला एकुलता एक फोन सकाळी कामावर जाणाऱ्याबरोबर निघून जातो. शिवाय फोनवर धडा पाहता येतो, पण दहा पानांचा प्रकल्प लिहिणे, तक्ता मांडणे, प्रोग्राम लिहून त्यातली चूक शोधणे त्यावर जवळपास अशक्य असते. ज्याच्याकडे फक्त फोन आहे तो दुसऱ्याने केलेले बघत राहतो. ज्याच्यापुढे कळफलक आहे तो स्वतः काही करू शकतो. ज्ञानाच्या व्यवहारात ही दरी लहान नाही.

आता देण्याच्या रीतीकडे येऊ. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला देश, काळ आणि पात्र यांची कसोटी लावली आहे, तर आदर न ठेवता, हेटाळणीने दिलेल्या दानाला तामस म्हटले आहे. तैत्तिरीय उपनिषदाची शिक्षावल्ली गुरुकुल सोडून निघालेल्या शिष्याला श्रद्धेने द्यायला सांगते, लाजून द्यायला सांगते, आणि ‘संविद्’ म्हणजे जाणीव ठेवून द्यायलाही सांगते. जुन्या संगणकाच्या बाबतीत ही जाणीव फार ठोस रूप घेते. आधीच्या मालकाची माहिती पूर्ण पुसली का? कुरकुरणारी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली का? रॅम वाढवली का, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली का, मदरबोर्डवरचा संपलेला सेल बदलला का? लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल तर ती मुलाच्या हाती देणे धोक्याचे आहे, हे कोणी पाहिले का? चार्जर सोबत आहे का? मराठी टंकलेखनाची सोय करून दिली का? यातले प्रत्येक काम करताना दुरुस्ती करणाऱ्याला अजून न पाहिलेल्या त्या मुलाचा विचार करावा लागतो. वस्तू देताना ज्याचा एवढा विचार झाला, त्याचाच आदर झाला. श्रद्धा मनात असते हे खरे, पण ती दिसते अशा हातच्या कामातून.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा असतो: काहीच नसण्यापेक्षा काहीतरी असलेले बरे. हे धान्याला लागू पडेल, यंत्राला नाही. बंद पडलेला संगणक शाळेत आला की त्याची जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंद होते, आणि एकदा नोंद झाली की निर्लेखनाची रीतसर मंजुरी मिळेपर्यंत तो टाकताही येत नाही. खोली अडते, धूळ साचते, आणि कागदावर मात्र शाळेत संगणक आहेत असे दिसत राहते. मग खरी मदतही दुसरीकडे वळते. २०२२ साली जगात सुमारे ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराच्या वाटेला लागला. अशा वेळी निकामी यंत्र शाळेला देणारा आपल्या कचऱ्याचा भार गरिबाच्या अंगणात ठेवतो आणि वर पुण्यही पदरात पाडतो. भूदानाच्या इतिहासातही हाच धडा आहे. १९५१ मध्ये पोचमपल्लीला सुरू झालेल्या त्या चळवळीत विनोबांच्या हाती लाखो एकर जमीन आली, पण त्यातली बरीचशी खडकाळ किंवा नापीक निघाली. देणाऱ्यांच्या यादीत आकडा वाढला, पण भूमिहीनाच्या घरात दाणा आला नाही. विनोबांची तळमळ निर्मळ होती. उणीव होती ती दिलेल्या वस्तूकडे नचिकेताच्या नजरेने पाहण्याची.

दुसरा आक्षेप स्वाभिमानाचा आहे. गरिबाच्या मुलाने नेहमी जुनेच का वापरावे? प्रश्न रास्त आहे, पण दोष जुनेपणात नसतो. वाजश्रवसाच्या गायी केवळ म्हाताऱ्या असत्या तर नचिकेत व्यथित झाला नसता. त्या दूध देणाऱ्या नव्हत्या, हे त्याचे दुःख होते. आपल्याकडे थोरल्याची पुस्तके धाकट्याला देताना फाटकी पाने चिकटवून, नवे कव्हर घालून देतात, आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही. संगणकांची तर गोष्ट अशी आहे की पुष्कळ यंत्रे धडधाकट असतानाच टाकली जातात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, आणि पुढच्या आवृत्तीच्या अटीत न बसणारी चांगली चालणारी यंत्रे कालबाह्य ठरली. त्यांच्यावर लिनक्स घातले तर ती अजून काही वर्षे अभ्यासाला पुरेशी असतात. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअरवर वर्षानुवर्षे मुले शिकवून हे दाखवून दिले आहे. दूध देत असलेली गाय केवळ नियम बदलला म्हणून भंगारात घालणे, हाही अधर्मच आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: शिक्षण हा हक्क आहे, मग दानाची भाषा कशाला? सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा हा हक्क राज्यघटनेच्या २१-अ कलमात आहे, आणि तामिळनाडू सरकारने २०११ पासून विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देऊन राज्य काय करू शकते हे दाखवले. दानामुळे सरकारची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही, आणि दानाचे निमित्त करून ती टाळली गेली तर त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. पण शंकराचार्यांनी गीताभाष्यात दानाचा अर्थ ‘संविभाग’, म्हणजे आपल्यातले वाटून घेणे, असा सांगितला आणि विनोबांनी तोच शब्द उचलून धरला. वाटून घेण्यात देणारा वर आणि घेणारा खाली अशी उतरंड उरत नाही. ती आणखी पुसायची असेल तर विद्यार्थ्यांनाच दुरुस्ती शिकवावी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग घालून दिला. गरीब मुलाच्या हाताला काम देऊन त्याची मान ताठ ठेवणे हे त्यांनी साधले. बाराव्या शतकातल्या मैमोनिदीस या यहुदी तत्त्वज्ञाने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या, त्यांत घेणाऱ्याला पुन्हा मागावे लागणार नाही असे करणारी मदत सर्वांत वरची मानली. संगणक उघडून पुन्हा जोडता येणारी मुलगी उद्या दुसऱ्या मुलीसाठी यंत्र तयार करू शकते.

म्हणून देणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे. यंत्र देण्याआधी ते चालू करा आणि तुमच्या स्वतःच्या मुलाला त्यावर एक दिवसाचा अभ्यास करायला बसवा. त्याचा अभ्यास नीट झाला तर यंत्र खुशाल द्या. झाला नाही तर दुरुस्त करून द्या, किंवा दुरुस्तीचा खर्च यंत्रासोबत द्या. दुरुस्त होण्यापलीकडे गेले असेल तर ते अधिकृत पुनर्चक्रणाला सोपवा, आणि त्याला दान म्हणू नका.