अवधान

जून उजाडला की मावळात दोन कामांची घाई एकदमच सुरू होते. शेतात भाताची रोपे टाकायची असतात आणि घरात नव्या वह्यांना कव्हरे चढवायची असतात. पाठोपाठ आईबापांची तक्रारही ठरलेली: 'फादर, पोरगं अभ्यासाला बसतं, पण त्याचं मन लागत नाही. तुम्हीच काही सांगा.' आम्ही सांगतो. पहाटे उठावे, वेळापत्रक आखावे, मोबाइल दूर ठेवावा. हा सल्ला खोटा नाही. परंतु तो देणे फार सोपे असते, हे आम्हांला उशिरा उमगले.

काही वर्षांपूर्वी लोणावळ्यातील एक मुलगा बारावीच्या सहामाही परीक्षेत नापास झाला. त्याला बोलावून आम्ही वेळेचे मोल समजावले आणि रविवारची दुपार गणितासाठी राखलेले वेळापत्रक स्वहस्ते लिहून दिले. त्याने तो कागद निमूटपणे घडी करून खिशात ठेवला. पुढे त्याच्या आईकडून कळले, की शनिवार-रविवारी पर्यटकांची झुंबड उडते तेव्हा हा मुलगा सकाळपासून रात्रीपर्यंत चिक्कीच्या दुकानात उभा असतो. वडील अंथरुणाला खिळल्यापासून घराला त्या मजुरीचा आधार होता. ज्या वेळेचा हिशेब आम्ही त्याला शिकवीत होतो, तो वेळ त्याच्या मालकीचाच नव्हता.

तेव्हापासून एक प्रश्न आमची पाठ सोडत नाही: अभ्यासात मन न लागणे हा दोष कोणाचा? विद्यार्थ्याचा दोष कधीच नसतो, असे नव्हे. हाताशी वेळ असून तो उधळणारा स्वतःलाच फसवतो. परंतु वेळ आणि अवधान या दोन भिन्न गोष्टी आहेत. वेळ प्रत्येकाच्या वाट्याला सारखा येत नाही. अवधान मात्र ज्याचे त्याने द्यायचे असते. ज्ञानेश्वरांनीही नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधानच मागितले.

फ्रेंच विचारवंत सिमोन वेल (१९०९-१९४३) यांनी १९४२ साली फादर पेरँ या डॉमिनिकन धर्मगुरूंसाठी शालेय अभ्यासावर एक निबंध लिहिला. त्यांच्या मते, कपाळाला आठ्या घालून श्वास रोखून बसणे म्हणजे अवधान नव्हे. मन मोकळे ठेवून समोरच्या गोष्टीची वाट पाहणे म्हणजे अवधान. त्यामुळे भूमितीचे उदाहरण सुटले नाही, तरी त्यावर मनापासून घेतलेले कष्ट वाया जात नाहीत. तीच शक्ती पुढे प्रार्थनेत उपयोगी पडते आणि दुःखिताची विचारपूस करतानाही.

हा निबंध आम्ही सेमिनरीत वाचला होता, त्यावर चर्चाही केली होती. तरीही समोर बसलेल्या मुलाला 'बाळा, तुझा दिवस कसा जातो?' एवढे विचारण्याचे आम्हांला सुचले नाही. यरीहोच्या वाटेवर जखमी माणसाला पाहून पुढे निघून गेलेला याजकही बहुधा घाईतच असावा. त्याचेही काही वेळापत्रक असेल.

नंतर आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो आणि या वेळी फक्त ऐकले. कॉलेजसाठी तो लोकलने शिवाजीनगरला जात असे. प्रवासाचा तो साधारण सव्वा तासच काय तो त्याचा स्वतःचा होता. मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव. एका स्टेशनापासून दुसऱ्यापर्यंत एकच उदाहरण वाचायचे आणि वही मिटून ते मनात मांडायचे, अशी रीत त्याची त्यानेच बसवली. दुकानातील काम सुटले नाही. परीक्षेत तो उत्तीर्ण झाला. गुण बेताचेच होते.

पालकहो, 'किती तास अभ्यास केलास?' हा प्रश्न आपण रोजच विचारतो. त्याआधी दहा मिनिटे लेकराजवळ बसून 'तुला काय अवघड जाते?' असे विचारून पाहू या. मोबाइल दूर ठेवण्याचा नियम त्या दहा मिनिटांपुरता आपल्यालाही लागू असावा. ज्या मुलाला घरात अवधान मिळते, त्याला पुस्तकाला आणि पुढे माणसांनाही ते देणे सोपे जाते.