नोंदीआधीची सुनावणी

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सरकार एक केंद्रीय नोंदवही ठेवते. मुलाला मारहाण केली, त्याचा लैंगिक छळ केला किंवा त्याची हेळसांड केली, असे बालसंरक्षण खात्याला ज्यांच्याबद्दल वाटले त्यांची नावे त्यात असतात. लैंगिक गुन्हेगारांची तिकडची जाहीर यादी वेगळी; ती न्यायालयाने दोषी ठरवल्यानंतरची. या नोंदवहीसाठी खटला चालावा लागत नाही. हॉटलाइनवर कुणाचा तरी फोन येतो, खात्याचा कर्मचारी घरी जातो, चार माणसांशी बोलतो आणि आरोपात तथ्य आहे असा शेरा लिहितो. अनेक ठिकाणी त्या शेऱ्यासरशीच नाव चढत आले आहे. मग पाळणाघरात नोकरी मागताना किंवा मूल दत्तक घेताना कुणीतरी ही नोंदवही उघडते आणि माणूस दारातूनच परत फिरतो. नाव चढवण्याआधी त्या माणसाला आरोप सांगून त्याचे म्हणणे ऐकायला सरकार बांधील आहे का? माझे उत्तर ‘हो’ असे आहे. मुलांच्या रक्षणाचे महत्त्व जराही कमी न लेखता हे उत्तर देता येते, असा माझा दावा आहे.

हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी 1962 साली मारहाण झालेल्या बालकांवरचा निबंध प्रसिद्ध केला, तोवर वैद्यकशास्त्रसुद्धा मोडलेल्या हाडांमागचे हात पाहायला तयार नव्हते. 1974 मध्ये अमेरिकेच्या संसदेने या विषयावर कायदा केला आणि राज्यांच्या यंत्रणा झपाट्याने वाढल्या. त्यामागची कळकळ खरी होती. हा अत्याचार बंद दाराआड होतो, साक्षीदार नसतो, सोसणाऱ्याला बोलता येत नाही आणि करणारा बहुधा घरचाच असतो. म्हणूनच नुसत्या सबळ संशयावर मूल घरातून हलवण्याचा अधिकार सरकारला दिला गेला; आधी मूल सुरक्षित जागी, मग काही दिवसांत न्यायाधीशापुढे सुनावणी. हा अधिकार मला मान्य आहे. पण तो मान्य होतो तो घाईमुळे. आज रात्री काय होईल याची भीती असते, आणि रात्र सुनावणीची वाट पाहत नाही. नोंदवहीत नाव घालताना अशी कोणती रात्र आड येते? मूल एव्हाना सुरक्षित असते किंवा धोका नाही असे ठरलेले असते. नोंद असते ती पुढच्या काळासाठी. न्यूयॉर्कमध्ये धाकटे मूल अठरा वर्षांचे झाल्यावर आणखी दहा वर्षे, म्हणजे 28 वर्षांपर्यंत ती राहू शके. अठ्ठावीस वर्षे टिकणाऱ्या गोष्टीला तीन आठवडे थांबता येत नाही, असे म्हणणाऱ्याने रक्षण आणि निवाडा यांची गल्लत केलेली असते. रक्षणासाठी न ऐकता पाऊल उचलता येते. निवाडा न ऐकता करता येत नाही, आणि नोंद हा निवाडाच आहे.

ही गल्लत काय करते ते दोन खटल्यांत दिसते. न्यूयॉर्कमधल्या एका आईने चोरी केली म्हणून अकरा वर्षांच्या मुलीला थप्पड मारली आणि तिचे नाव नोंदवहीत गेले. तिचे प्रकरण 1994 मध्ये संघीय अपील न्यायालयापुढे आले, तेव्हा त्या नोंदवहीत सुमारे वीस लाख नावे होती. नाव चढायला ‘थोडाफार विश्वासार्ह पुरावा’ पुरे होता. उलट बाजूला कितीही पुरावा असला तरी तो तोलायचे बंधन नव्हते. दोन्ही बाजू तोलणारी सुनावणी मिळे ती नोकरी हातची गेल्यावर. आणि न्यायालयासमोर आलेला आकडा असा, की नाव काढून मागणाऱ्यांपैकी जवळजवळ पंचाहत्तर टक्के लोकांचे नाव शेवटी निघत असे. दाद मागणाऱ्या दर चारांतले तिघे! दाद न मागता गप्प बसलेल्यांची गणती कुणाकडेच नव्हती. ही पद्धत घटनेत बसत नाही असा निकाल न्यायालयाने दिला.

दुसरा खटला कॅलिफोर्नियाचा. तिथली यादी 1965 पासूनची. एका किशोरवयीन मुलीच्या आरोपावरून वडील आणि सावत्र आई यांना अटक झाली. फौजदारी न्यायालयाने त्यांना वस्तुतः निर्दोष ठरवले, बाल न्यायालयाने आरोप खरे नाहीत असे म्हटले, तरी दोघांची नावे यादीत तशीच राहिली. कारण नाव काढायची रीतसर वाटच कायद्यात नव्हती. ज्या तपासकाने नाव दिले त्याचेच मन वळवायचे, एवढाच उपाय. 2009 मध्ये अपील न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवले. मराठी वाचकाला इथे सीता आठवणे अपरिहार्य आहे. अग्निपरीक्षेतून निर्दोष ठरलेल्या स्त्रीला लोकापवादापायी वनात धाडले गेले, आणि धाडण्याआधी तिला कुणी एक शब्द विचारला नाही. रामाच्या बाजूनेही तर्क होता: राजाने प्रजेचा विश्वास जपला पाहिजे. विदर्भातल्या भवभूतीने ‘उत्तररामचरिता’त हा तर्क खोडून काढायचे कष्ट घेतले नाहीत, त्याने रामालाच त्या निर्णयाच्या ओझ्याखाली रडवले.

शिक्षेआधी ऐकण्याच्या कल्पनेला पाश्चात्त्य कायद्यातही धर्मकथेचा आधार दिला गेला आहे. इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठाने एका विद्वानाच्या पदव्या त्याला न ऐकता काढून घेतल्या; 1723 मध्ये त्या प्रकरणाचा निकाल देताना न्यायमूर्ती फोर्टेस्क्यू यांनी बायबलमधल्या आदमाचा दाखला दिला: देवानेसुद्धा आदमाला खुलासा विचारल्याशिवाय शिक्षा केली नाही. या दाखल्याची खोली अशी, की तो देव सर्वज्ञ आहे. फळ कुणी खाल्ले हे त्याला ठाऊकच होते. म्हणजे ऐकणे केवळ माहिती मिळवण्यासाठी नसते. ज्याच्यावर निर्णय लादायचा तो बोलू शकणारा, उत्तर देऊ शकणारा माणूस आहे, ही कबुली त्यात असते. सर्वज्ञाने जी सवलत घेतली नाही ती दिवसभर घरे फिरणाऱ्या, थकलेल्या कर्मचाऱ्याला कशी द्यायची?

आता आक्षेप. पहिला, कायदेपंडितांचा: ही शिक्षा नव्हे, नुसती माहिती आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा 1976 चा एक निकाल याला टेकू देतो. लुईव्हिलच्या पोलिसांनी दुकानचोरांच्या फोटोंचे पत्रक व्यापाऱ्यांना वाटले होते. त्यातल्या एकावरचा आरोप पुढे रद्द झाला. न्यायालय म्हणाले, नुसती बेअब्रू झाली म्हणून घटनेचे संरक्षण मिळत नाही; बदनामीच्या जोडीला आणखी काही हिरावलेले असले पाहिजे. मला हा निकाल कोता वाटतो. शेजारणीने कुजबुज केली तर ऐकणारा तिचा स्वभाव ओळखून हिशेब करतो. सरकारचा शिक्का तशी वजावट करून कुणी वाचत नाही. पण निकाल जसाच्या तसा मान्य केला तरी नोंदवही त्याच्या कसोटीत सापडतेच, कारण ती पाहिल्याशिवाय नोकरी द्यायची नाही असे राज्याचाच कायदा सांगतो. बदनामी आणि बंदी एकाच कागदावर येतात.

हा वाद आपल्याला परका नाही. आपल्या घटना समितीत अमेरिकी धर्तीची ‘ड्यू प्रोसेस’, म्हणजे न्याय्य कार्यपद्धतीची हमी, ठेवायची की नाही यावर डिसेंबर 1948 मध्ये कडाक्याची चर्चा झाली. बाबासाहेब आंबेडकरांनी दोन्ही बाजूंचे धोके मांडले, न्यायाधीशांच्या हाती किती सत्ता द्यायची याबद्दलची आपली द्विधा मनःस्थिती लपवली नाही, आणि पुढे अटकेची कारणे सांगणे, वकील मिळणे असे हक्क वेगळ्या अनुच्छेदात आणले. ‘ड्यू प्रोसेस’ शेवटी वगळल्याची कसर, कार्यपद्धती न्याय्यच हवी असे सांगणाऱ्या 1978 च्या मनेका गांधी निकालाने बरीचशी भरून काढली. त्याआधीच, 1975 मध्ये, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी कंत्राटदाराला काळ्या यादीत टाकण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे असे सांगितले होते. सिमेंट-लोखंडाच्या व्यापाऱ्याला जे मिळते ते बालवाडीच्या बाईंना का नको?

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. सुनावणी म्हटली की मुलाला साक्षीला उभे करणार, उलटतपासणीत पुन्हा चिरडणार, आणि पुराव्याअभावी खरे अपराधी सुटणार. यातला पहिला भाग सुनावणी कशी घ्यावी याबद्दलचा आहे. मुलाचे म्हणणे प्रशिक्षित माणसाने एकदाच नोंदवून घेता येते, प्रश्न मध्यस्थामार्फत विचारता येतात. दुसऱ्या भागाला सरळ उत्तर द्यायला हवे: होय, काही सुटतील. फौजदारी खटल्याइतका पुरावा इथे कुणी मागत नाही. आरोप खरा असण्याकडे पारडे झुकले की पुरे. तरीही काही सुटतील. पण सैल कसोटीने जास्त अपराधी सापडतात हे गृहीतच तपासावे लागते. कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीतल्या लैंगिक छळाच्या आरोपांचे प्रकरण 1983 ते 1990 चालले, मुलांना पढवल्यासारखे प्रश्न विचारले गेले, आणि शेवटी एकही दोषसिद्धी झाली नाही. न ऐकणारी यंत्रणा निर्दोषांना भरडते आणि खऱ्या खुणाही पुसून टाकते. शिवाय अमेरिकेत खात्याने पीडित ठरवलेल्या मुलांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांच्या बाबतीत हेळसांडीची नोंद असते, आणि हेळसांड व गरिबी यांतली सीमा एका भेटीत कुणाला कळत नाही. रात्रपाळीला गेलेल्या आईचे एकटे राहिलेले मूल आणि टाकून दिलेले मूल यांना त्या नोंदवहीत एकच रकाना असतो. यादी अशी फुगली की तिच्यातला खरा नराधमही गर्दीत लपतो.

राहता राहिले ते, जे म्हणतात की नाव आधी चढवा, अपील नंतर करू द्या. मिसुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या अपील न्यायालयाने 2010 मध्ये हा युक्तिवाद फेटाळला: आधी सुनावणी, मग नोंद. न्यूयॉर्कनेही 2022 पासून पुराव्याची कसोटी कडक केली आणि हेळसांडीच्या नोंदी नोकरीच्या चौकशीपुरत्या आठ वर्षांनी बंद करायचे ठरवले. सुनावणी होईपर्यंतच्या मधल्या काळात एखाद्या शिक्षकाला मुलांपासून दूर, दुसऱ्या कामावर ठेवायचे असेल तर खुशाल ठेवावे. ते रक्षणाचे पाऊल आहे, त्याला मुदत आहे, आणि सुनावणीत काही निघाले नाही तर ते त्याच दिवशी मागे घेता येते.