चावलेल्या कुत्र्याचं करायचं काय?

संवाद कल्पित आहे, पेच मात्र खरा. हिंगोली जिल्ह्यातल्या पुसेगावचा एक ओटा. मामा निवृत्त शिक्षक, भाची परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकणारी. गाडीच्या धक्क्याने लंगडं झालेलं कुत्रं मामांनी उचलून घरी आणलं, जगवलं. आज त्यानेच नातवाच्या मनगटात दात रोवले.

"पोत्यात घालून दुसऱ्या शिवारात सोडून येतो," मामांचा निकाल तयार.

"म्हणजे तिथल्या लेकराला चावू द्यायचं?"

"मग आपल्या लेकराला चावू देऊ? तू काय म्हणायलीस, कळतंय का तुला?"

भाचीने सर्वोच्च न्यायालयाचा २२ ऑगस्ट २०२५ चा आदेश दाखवला. भटकं कुत्रं दत्तक घ्यायची मुभा त्यात आहे. पण ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्याचीच.

"ते दिल्लीवरून सुरू झालेलं प्रकरण. आणि आक्रमक कुत्रं सोडू नका, हेही त्यातच आहे ना?" मामाही पेपर वाचतात.

"आहे. पण आक्रमक कुणाला म्हणायचं? मागं हेच कुत्रं ताटलीवर गुरगुरलं, तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"चप्पल हाणली. गप झालं."

"गुरगुरणं गप झालं, मामा. भीती तशीच राहिली."

मुद्दा इथेच आहे. जर्मनच्या ताटलीत कुस्करलेली भाकरी, त्यावर ताठरलेली मान, डोळ्यांच्या कडेला दिसणारं पांढरं, मग गुरगुर: चावण्याआधी कुत्रं एवढ्या खुणा करतं. गुरगुरलं की मार बसतो हे कळलं, की पुढच्या वेळी ते थेट दात लावू शकतं.

"नामदेव महाराज पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तूप घेऊन धावले. त्यांची नर्सी आपल्याच जिल्ह्यातली, पण आपण काही नामदेव न्हाई," मामा म्हणाले.

"व्हायचंही नाही. खाणाऱ्या कुत्र्यामागं कुणी धावूच नये." मामांनाही हसू आलं.

मग ती कामाचं बोलली. ताटली बंद खोलीत ठेवायची. लेकरू आणि कुत्रं क्षणभरही एकटं नको. दुखऱ्या पायाची तपासणी करायची, कारण दुखणारं जनावर लवकर चावतं. बैलासारखं मुसकं कुत्र्यासाठीही मिळतं, त्याची हळूहळू सवय लावायची.

"एवढं करून परत चावलं तर?"

भाची जरा थांबली. "तर लेकरं नसलेलं घर शोधायचं, आणि चावल्याचं लपवायचं नाही."

"आणि घरच मिळालं नाही तर? जन्मभर कोंडायचं? त्यापेक्षा रस्ता काय वाईट होता त्याला?"

याला तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते तिने ओढूनताणून दिलंही नाही. मामांचा प्रश्न रास्तच होता; कुत्रं आणताना तो कुणी विचारत नाही. पण त्यावर पोतं हा तोडगा नव्हे. त्याने धोका संपत नाही, फक्त दुसऱ्याच्या दारात जातो.

वाद पुढे चालू राहील. लेकराची जखम मात्र वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. रक्त आलं असेल तर रेबीजच्या लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. त्वचेत देण्याच्या लसीचा पहिला डोस त्याच दिवशी, पुढचे तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची. पण त्या दहा दिवसांसाठी लस थांबवायची नाही.