प्रतिकार ही कसोटी नव्हे

कुंभकोणमजवळ तिरुप्पनंदाळ नावाचं गाव आहे. एके काळी तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यातला हा मुलूख. तिथल्या अरुणजटेश्वराच्या देवळाशी ताटकै नावाच्या एका भक्त स्त्रीची कथा जोडलेली आहे. रामायणातली ताटका ती ही नव्हे. देवाला हार घालताना तिचं वस्त्र घसरू लागलं. दोन्ही हातांत हार, म्हणून तिनं कोपरांनी वस्त्र अंगाशी दाबून धरलं आणि मग हात वर जाईनात. तेव्हा शिवलिंगच तिच्याकडे झुकलं. पुढे राजानं हत्ती लावूनही ते सरळ होईना. कुंगिलिय कलय नायनार या शिवभक्त संतांनी दोराचं एक टोक लिंगाला आणि दुसरं स्वतःच्या गळ्याला बांधून ते सरळ केलं, अशी त्या नायनारांची कीर्ती.

मला मात्र नायनारांच्या भक्तीपेक्षा ताटकैची अडचण मोठी वाटते. अब्रू सावरायची तर हात अडकतात. आपल्या मुलींना आपण हेच शिकवत आलो: पदर सांभाळ, ओढणी सांभाळ, आवाज चढवू नकोस, चारचौघांत तमाशा नको. पंधरा-सोळा वर्षं असं वाढवलेल्या मुलीनं ऐन संकटात दोन्ही हात मोकळे करून झुंजावं, ही अपेक्षा कुठल्या तोंडानं करायची?

ती अपेक्षा आपल्याकडे उघडपणे बोलली गेली. २५ फेब्रुवारी २०२५च्या पहाटे पुण्याच्या स्वारगेट बसस्थानकात फलटणच्या गाडीची वाट पाहणाऱ्या तरुणीला, गाडी दुसरीकडे लागली आहे असं सांगून, उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये नेण्यात आलं आणि तिथे तिच्यावर बलात्कार झाल्याची तक्रार नोंदवली गेली. त्यानंतर राज्याच्या गृह राज्यमंत्र्यांनी सांगितलं की झटापट झाली नाही, म्हणून आसपासच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. यावर संताप उसळला आणि तो रास्तच होता. पण त्या संतापात आमच्या पुरोगामी मित्रमंडळींनी दुसरं टोक गाठलं. स्त्रियांना कराटे, लाठी, ज्यूदो शिकवणं म्हणजेच गुन्ह्याची जबाबदारी त्यांच्यावर ढकलणं, असं ते मांडू लागले. मला या दोन्ही पक्षांशी भांडायचं आहे.

मित्रांच्या आक्षेपात बळ आहे, आणि ते बळ महाराष्ट्राच्याच मातीतलं आहे. २६ मार्च १९७२ रोजी देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचं प्रकरण घडलं. तिचं वय चौदा ते सोळाच्या दरम्यान होतं. सत्र न्यायालयानं आरोपींना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोषी धरलं आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा निर्दोष ठरवलं. कारणांत ठळक होतं ते हे, की मुलीच्या अंगावर जखमेच्या खुणा नव्हत्या, म्हणजे तिनं झगडा केला नव्हता. चौकीचं दार बंद, समोर वर्दीतली माणसं, आणि नातलग बाहेर उभे. अशा मुलीकडे देशाचं सर्वोच्च न्यायपीठ ओरखडे मागत होतं. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ साली कायदा बदलला. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येणार नाही, हे वाक्य तेव्हाच्या दंड संहितेच्या कलम ३७५ मध्ये यायला मात्र २०१३ साल उजाडावं लागलं. एवढं घडूनही २०२५ साली मंत्री झटापटीचीच गोष्ट काढतात. मग उद्या प्रत्येक शाळेत कराटे शिकवलं, तर वकील विचारणार नाही का, की बाई, तुम्ही तर पिवळा पट्टा मिळवला होता, मग हात का चालवला नाही?

विचारेल. म्हणून ‘स्वसंरक्षण शिका म्हणजे सुरक्षित राहाल’ ही मांडणी मला सोडून द्यावी लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत ज्यांच्यावर अत्याचार झाल्याचं उघड झालं, त्या मुली जेमतेम चार वर्षांच्या होत्या. त्याच महिन्यात कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात जिचा खून झाला, ती डॉक्टर लांबलचक ड्यूटीत विसावा घेत होती. कुठली युद्धकला त्यांच्या कामी आली असती? शिवाय राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतात की बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी ओळखीचे असतात. काळोख्या गल्लीतल्या अनोळखी गुंडासाठी शिकवलेले डाव मामेभावापुढे, साहेबापुढे, होणाऱ्या नवऱ्यापुढे वापरायला मन धजत नाही.

तरीही मी शिकण्याच्याच बाजूचा आहे, आणि तो नेमका या शेवटच्या अडचणीमुळे. कॅनडात शार्लीन सेन आणि सहकाऱ्यांनी तीन विद्यापीठांतल्या सुमारे नऊशे विद्यार्थिनींवर केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. बारा तासांच्या प्रशिक्षणात हाणामारी थोडीच होती. ओळखीच्या माणसाच्या वागण्यातला धोका वेळीच ओळखणं आणि त्याला दुखवू नये या संकोचावर मात करणं, यावर भर होता. वर्षभरात प्रशिक्षण घेतलेल्यांत बलात्काराचं प्रमाण ५.२ टक्के होतं आणि न घेतलेल्यांत ९.८. म्हणजे धोका जवळजवळ अर्ध्यावर आला. सगळ्या गुन्हेगारांना शिक्षा होईपर्यंत मुलींना हे नाकारत राहायचं, असं माझ्या मित्रांना खरंच म्हणायचं आहे का?

चांगल्या वर्गात काय घडतं ते पाहावं. मनगट कुणी धरलं तर सरळ मागे ओढायचं नाही. धरणाऱ्याच्या मुठीत अंगठा आणि बोटं जिथे भेटतात, तिथे पकड कच्ची असते. त्या फटीकडे मनगट वळवून, कोपर त्याच्या दिशेला नेत झटका द्यायचा. हे शिकायला काही मिनिटं पुरतात. वेळ लागतो तो ओरडायला. ‘सोड’ असं पोटातून ओरडा म्हटलं की मुली तोंडावर हात ठेवून हसतात, एकमेकींकडे बघतात, आवाज घशातच राहतो. आठवडे जातात तेव्हा कुठे तो बाहेर पडतो. तमिळनाडूतल्या सिलंबमच्या तालमीतही काठी फिरवण्याआधी पावलं घोटून घेतात, आणि कोल्हापूरच्या मर्दानी खेळात पवित्र्याशिवाय हत्याराला अर्थ नाही. उभं कसं राहायचं हा पहिला धडा आहे, आणि तो मुलींना घरात कुणी दिलेला नसतो.

अपवाद म्हणून ज्यांची नावं घेतो त्या बायका वेगळ्या वाढल्या. शिवगंगेच्या राणी वेलू नाचियारनं १७८० साली राज्य परत घेतलं, पण तिला शस्त्रविद्या लहानपणापासून मिळाली होती. २०१७ साली पद्मश्री मिळालेल्या केरळच्या मीनाक्षी अम्मांनी कळरीपयट्टू ही युद्धकला लहानपणीच धरली. पुण्याच्या हडपसरच्या शांताबाई पवार २०२० साली वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी रस्त्यावर लाठी फिरवताना देशानं पाहिल्या. त्यांना ती बापानं शिकवली होती, डोंबाऱ्याच्या घरात, पोटासाठी. ज्यांना ही कला मिळाली त्यांना ती लहान वयात आणि वर्षानुवर्षं मिळाली. आठ मार्चच्या दोन तासांच्या प्रात्यक्षिकातून, फोटो काढून आणि प्रमाणपत्रं वाटून ती येत नाही.

पोहायला शिकवताना आपण मुलीला पूर येणार नाही असं वचन देत नाही, आणि ती बुडाली तर हात का मारले नाहीस असं विचारत नाही. हाच न्याय इथे लावा. पालकांनी मुलीला सहावी-सातवीपासून आठवड्यातून दोनदा तालमीला पाठवावं. शाळांनी तीन महिन्यांचं सरकारी शिबिर उरकण्याऐवजी वेळापत्रकात तास द्यावा आणि शक्यतो शिक्षिकाच नेमावी. हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत स्वसंरक्षणाचा हक्क बलात्काराच्या वा ॲसिडच्या हल्ल्यात कायदा देतो. भारतीय न्याय संहितेचं ते कलम ३८ त्याच वर्गात वाचून दाखवावं. आणि मंत्री, वकील, पोलीस अधिकारी यांच्यापैकी कुणीही ‘झटापट का झाली नाही’ असं पुन्हा विचारलं, तर त्याला १९७८ सालचा निकाल आणि २०१३ सालचा कायदा तिथल्या तिथे ऐकवा.